पीडीसीची फुकट सेवा: सिअॅटलच्या रिकॉलमधला पैसा शोधताना कुठे उपयोगी, कुठे अडते

वॉशिंग्टन राज्यात निवडणुकीसाठी कोणी किती पैसे दिले आणि ते कशावर खर्च झाले, याची नोंद सार्वजनिक प्रकटन आयोगाकडे होते. सगळे त्याला ‘पीडीसी’ म्हणतात. त्याचं संकेतस्थळ कोणालाही उघडता येतं, खातं काढावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. नेहमीच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी ही सेवा उत्तम आहे, यावर फारसं दुमत नाही. निवडून आलेल्या माणसाला मुदतीआधी घरी पाठवण्याच्या मतदानात, म्हणजे रिकॉलमध्ये, ती किती चालते, हे इथे पाहायचं आहे. कारण रिकॉल हे निवडणुकीचं आडनिडं प्रकरण. त्याचं वेळापत्रक कोर्ट ठरवतं, देणगीच्या मर्यादेवर कोर्टात भांडण झालेलं असतं, आणि निम्मा खर्च सही मिळायच्या आधीच होऊन जातो.

तपासायला घेतलेलं प्रकरण मराठी वाचकांना परकं नाही. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत २०१३ मध्ये सिअॅटल नगरपरिषदेवर निवडून आल्या. जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या शहरानं केला, अमेरिकेतल्या शहरांत पहिल्यांदा, तो त्यांनीच मांडलेला. त्याआधी, ७ डिसेंबर २०२१ रोजी, त्यांच्या तिसऱ्या वॉर्डात त्यांना परत बोलावण्यावर मतदान झालं आणि त्या अवघ्या ३१० मतांनी वाचल्या. रिकॉलच्या विरोधात २०,६५६ आणि बाजूनं २०,३४६. एका वॉर्डाच्या या मतदानात दोन्ही बाजूंचा मिळून खर्च दहा लाख डॉलरच्या बराच पुढे गेला. पीडीसीची सेवा घासून बघायला याहून चांगलं प्रकरण मिळणार नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. पैशाचा हिशेब चोख आहे. कोर्टाचे निकाल आणि पैशाचे आकडे यांचा सांधा मात्र बघणाऱ्यालाच जुळवावा लागतो, आणि रिकॉलमध्ये तो सांधा जुळल्याशिवाय आकड्यांना अर्थ येत नाही.

सेवा काय आहे

१९७२ मध्ये लोकांनी थेट मतदान करून इनिशिएटिव्ह २७६ मंजूर केला, त्यातून हा आयोग आला. आज त्याची दोन तोंडं आहेत. एक खजिनदारासाठी: ‘ऑर्का’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर, त्यात देणग्या आणि खर्च टाकायचे आणि अहवाल तिथूनच आयोगाकडे पाठवायचे. पूर्वी ते संगणकावर उतरवून घ्यावं लागायचं, आता ब्राउझरमध्ये चालतं. दुसरं तोंड लोकांसाठी: सर्च, मूळ अहवालांच्या प्रती, आणि राज्याच्या खुल्या डेटाच्या पोर्टलवर सगळ्या नोंदींचा तक्ता. तो एक्सेलमध्ये उतरवता येतो किंवा प्रोग्रॅम लिहून थेट ओढता येतो.

रिकॉलसाठी अहवाल मुख्यतः तीनच लक्षात ठेवा. समितीची नोंदणी म्हणजे सी-१पीसी. ती समिती स्थापन झाल्यापासून, किंवा पैसे येतील-जातील असं दिसू लागल्यापासून, दोन आठवड्यांच्या आत करावी लागते. सी-३ म्हणजे बँकेत भरलेल्या देणग्यांचा अहवाल. सी-४ म्हणजे ठरावीक काळाचा गोषवारा, त्याला पुरवण्या जोडलेल्या: ‘ए’मध्ये रोख खर्च, ‘बी’मध्ये वस्तुरूप देणग्या (पैशाऐवजी वस्तू किंवा सेवा), कबूल केलेली पण न आलेली रक्कम आणि उधारी, ‘सी’मध्ये दुरुस्त्या, ‘एल’मध्ये कर्ज.

सी-३ हा देणगीचा अहवाल वाटतो, पण तो खरा बँक भरण्याचा अहवाल आहे. एका भरण्यात चाळीस चेक असतील तर ते सगळे एकाच सी-३ मध्ये येतात. आलेली रक्कम पाच कामकाजाच्या दिवसांत बँकेत गेली पाहिजे असा नियम आहे. म्हणून देणगीची तारीख आणि भरण्याची तारीख यांत पाचाहून जास्त कामकाजाचे दिवस दिसले, तर खजिनदार ढिला आहे असं समजायला हरकत नाही. मूळ सी-३ उघडून या दोन तारखा ताडून बघा.

आधी कोर्ट, मग सह्या

आकडे उघडण्याआधी घटनाक्रम कागदावर मांडून घ्या, नाहीतर ऑक्टोबर २०२० मधल्या वकिलाच्या बिलाचा अर्थ लागणार नाही.

कॅलिफोर्नियात पदाधिकारी आवडत नाही एवढ्या कारणावर रिकॉल होऊ शकतं. वॉशिंग्टनमध्ये तसं नाही. १९१२ च्या घटनादुरुस्तीनं तीनच कारणं ठेवली: पदावर असताना केलेलं गैरकृत्य, कामातली गैरवर्तणूक, किंवा शपथेचा भंग. आरोपपत्र आधी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयात जातं. तिथून ते सरकारी वकिलाकडे, तो २०० शब्दांच्या आत मतपत्रिकेसाठी सारांश तयार करतो. मग सुपीरियर कोर्ट, म्हणजे काउंटीचं पहिल्या पायरीचं कोर्ट, १५ दिवसांत सुनावणी घेऊन आरोप पुरेसे आहेत की नाही ते ठरवतं. त्यावर अपील थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात. आरोप खरे आहेत का, हे कोर्ट तपासतच नाही. खरे असतील तर ते रिकॉलला पुरेसे ठरतील का, एवढंच पाहतं. हा फरक न समजल्यामुळे कोर्टानं सावंत यांना दोषी ठरवलं असं बरेच जण आजही छातीठोकपणे सांगतात.

सावंत यांच्यावरचं आरोपपत्र ऑगस्ट २०२० चं. सहापैकी चार आरोप सुपीरियर कोर्टानं पुरेसे धरले. १ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्यातले तीन ठेवले: ‘टॅक्स अॅमेझॉन’ या, मोठ्या कंपन्यांवर कर लावायच्या प्रस्तावाच्या प्रचारासाठी शहराची साधनं वापरणं, कोविडमुळे बंद असलेल्या सिटी हॉलमध्ये ९ जून २०२० च्या रात्री निदर्शकांना आत घेणं, आणि महापौर जेनी डर्कन यांच्या घरावर मोर्चा नेणं, जेव्हा त्यांचा पत्ता राज्याच्या गोपनीयता कार्यक्रमाखाली राखलेला होता. कर्मचारी नेमण्या-काढण्याचे निर्णय बाहेरच्या राजकीय संघटनेकडे दिले, हा आरोप गळाला.

याच काळात डर्कन यांच्यावरही रिकॉलचं आरोपपत्र होतं. खालच्या कोर्टानं त्यातला एक आरोप पुढे सोडला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोही फेटाळला. एक सही गोळा व्हायच्या आत प्रकरण संपलं. देणगीदारानं यातून व्यवहाराची गोष्ट घ्यावी: आरोप पुरेसे ठरायच्या आधी दिलेला पैसा बहुतेक वकिलीत जातो, आणि त्यातून मतदान होईलच याची काही हमी नसते. सी-४ ची ‘ए’ पुरवणी तारखेप्रमाणे लावली की पैसा कोर्टाच्या टप्प्यात कुठे गेला आणि सह्यांच्या टप्प्यात कुठे, हे वेगळं करता येतं. दोन टप्प्यांमधली रेघ मात्र संकेतस्थळावर कुठे आखलेली नाही. १ एप्रिल २०२१ ही तारीख तुम्हीच तक्त्यात घालायची.

सह्यांचं गणितही ध्यानात असू द्या. मोठ्या शहरांतल्या पदासाठी, त्या पदाच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या एकूण मतांच्या २५ टक्के. इथे ते सुमारे १०,७०० झालं. मुदत १८० दिवस. लहान शहरांत प्रमाण ३५ टक्के असतं. अशा सह्या फक्त स्वयंसेवकांच्या जोरावर गोळा करणं अवघड असतं, म्हणून ‘ए’ पुरवणीत सह्या गोळा करणाऱ्या कंपन्या, छपाई आणि टपाल या तीन नोंदी आधी शोधाव्यात.

या प्रकरणात एक मजेशीर वळण आहे, ते आकडे बघताना गोंधळात टाकतं. २०२१ च्या उन्हाळ्यात सावंत यांच्या समितीनंच त्यांच्या विरोधातल्या रिकॉल अर्जावर सह्या गोळा करायला सुरुवात केली. मतदान नोव्हेंबरात झालं तर लोक जास्त येतील, हिवाळ्यात कमी येतील, असा हिशेब होता. म्हणजे बचावाच्या समितीच्या खर्चात रिकॉलच्या सह्यांशी जुळणारी नोंद दिसली तर ती चूक समजू नका.

सर्च कसा करायचा, आणि कुठे चुकतो

समितीच्या नावानं शोधा, व्यक्तीच्या नावानं नको. व्यक्तीचं नाव टाकलं की तिच्या आधीच्या निवडणुकांच्या समित्या वर येतात. या रिकॉलमध्ये बाजूच्या आणि विरोधातल्या मुख्य समित्यांशिवाय ‘अ बेटर सिअॅटल’ नावाची समितीही रिकॉलच्या बाजूनं पैसा लावत होती. एकाच बाजूचे दोन खिसे असतील आणि तुम्ही एकच मोजला, तर बेरीज फसते. वर्षाचा फिल्टर लावूच नका. आरोपपत्र २०२० चं, मतदान २०२१ चं, त्यामुळे एक वर्ष निवडलं की अर्धा हिशेब गळतो.

समित्या सापडल्या की आधी सी-१पीसी उघडा. खजिनदार कोण, बँक कोणती, समिती नेमकी कशाच्या बाजूनं वा विरोधात, हे तिथेच लिहिलेलं असतं. मग शेवटचा सी-४ उघडून एकूण आवक-जावक बघा. मगच तक्ता उतरवा. हा क्रम उलटा केला तर तक्त्याची बेरीज आणि सी-४ ची बेरीज जुळत नाही, आणि का जुळत नाही ते कळत नाही.

न जुळण्याची कारणं साधारण ठरलेली असतात. वस्तुरूप देणग्या आणि रोख देणग्या एकाच तक्त्यात येतात. फक्त रोखीची बेरीज हवी असेल तर त्यांचा रकाना वेगळा आहे, तो वापरा. परत केलेल्या देणग्या वजा चिन्हानं येतात किंवा पुढच्या सी-४ च्या ‘सी’ पुरवणीत जातात. कर्ज ही देणगी नव्हे, पण ‘आलेली रक्कम’ म्हणून काही ठिकाणी मिसळतं. कबूल केलेली रक्कम आधी ‘बी’मध्ये आणि प्रत्यक्ष आल्यावर सी-३ मध्ये असते, म्हणून दोनदा मोजली जाऊ शकते. दुरुस्त अहवाल आला की जुना बाद होतो. पण तुम्ही जुन्या तारखेला उतरवलेला तक्ता ठेवला असेल तर त्यात बाद आकडेच राहतात. तक्त्याच्या फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला. किरकोळ वाटतं, पण निम्मी भांडणं याच कारणानं होतात.

मग नावांचा घोळ. एकाच माणसानं चार वेळा दिलं आणि खजिनदारानं चार वेगळ्या प्रकारे लिहिलं, तर सॉफ्टवेअरला ते चार देणगीदार वाटू शकतात. नाव, पिन कोड आणि नोकरी देणाऱ्या मालकाचं नाव असे तीन रकाने एकत्र करून गट पाडा, फक्त नावावर नको. भारतीय नावांत हे जास्त होतं. मधलं नाव कधी असतं कधी नसतं, आडनाव कधी आधी येतं.

लहान देणग्या नावाशिवाय एकत्र येतात. या मोहिमेच्या काळात २५ डॉलरपर्यंतच्या देणगीदाराचं नाव जाहीर करावं लागत नव्हतं, आणि १०० डॉलरच्या वर दिलं तर पेशा आणि मालकही लिहावा लागायचा. पुढे आयोगानं महागाईप्रमाणे हे आकडे वाढवले. म्हणून जुन्या-नव्या मोहिमांची तुलना करताना ‘लहान देणगीदारांची संख्या’ हा आकडा जपून वापरा, मोजण्याची पट्टीच बदललेली आहे. पत्ताच नसलेल्या निनावी देणग्यांनाही सीमा आहे: वर्षभरातल्या एकूण आवकीच्या एक टक्का किंवा ३०० डॉलर, यांतलं जे जास्त असेल तेवढंच ठेवता येतं. वरचं राज्याच्या तिजोरीत. मोर्च्यात डबा फिरवणाऱ्या मोहिमांचे खजिनदार इथे अडकतात.

खर्चाच्या बाजूला सर्वात फसवी नोंद म्हणजे सल्लागार कंपनीला दिलेली एकरकमी मोठी रक्कम. पोटखर्च, म्हणजे त्या कंपनीनं पुढे छापखान्याला, टपालाला, जाहिरातीला काय दिलं, तेही सांगणं अपेक्षित असतं. ते न दिसल्यास एवढ्यावर थांबू नका. पुढच्या महिन्याचा सी-४ बघा, बऱ्याचदा तपशील तिथे येतो. दिलेली पण बिल न भरलेली ऑर्डर ‘बी’मध्ये शोधा. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात खर्च कमी दिसला तर पैसे संपले असं नसतं, बिलं उधारीत पडलेली असतात.

कॅलेंडरचा घोळ

रिकॉलसाठी ही सेवा इथे लंगडते, आणि दोष संकेतस्थळापेक्षा कायद्याच्या रचनेचा आहे. नेहमीच्या निवडणुकीची तारीख वर्षभर आधी माहीत असते, म्हणून मतदानाच्या २१ दिवस आधी एक आणि ७ दिवस आधी दुसरा सी-४ ही शिस्त बसते. एरवी अहवाल महिन्याच्या १० तारखेला येतात, तेही त्या महिन्यात पुरेशी उलाढाल झाली असेल तर.

विशेष निवडणुकीत, मतदानाच्या आधीच्या चौथ्या महिन्याच्या १ तारखेपासून दर सोमवारी सी-३ द्यावा लागतो. ७ डिसेंबरच्या मतदानासाठी तो दिवस १ ऑगस्ट. पण १ ऑगस्टला ७ डिसेंबर ही तारीखच ठरलेली नव्हती! सह्या सप्टेंबरमध्ये दाखल झाल्या, तपासून पुऱ्या ठरल्या तेव्हा महिना संपत आला होता, आणि मतदानाची तारीख कायद्यानं सह्या पुऱ्या असल्याच्या प्रमाणपत्रानंतरच्या ४५ ते ९० दिवसांत लावायची. शिवाय प्राथमिक आणि सार्वत्रिक निवडणुकीच्या मधल्या काळात रिकॉल घेता येत नाही, म्हणून डिसेंबर. थोडक्यात, दर आठवड्याची शिस्त कधी सुरू व्हायला हवी होती हे उलट मोजूनच कळतं. सह्यांचा खर्च, जो या सगळ्यात निर्णायक असतो, तो त्याआधी महिन्याच्या हिशेबात येऊन गेलेला असतो.

तारीख ठरल्यावर मात्र चोख चालतं. या मतदानासाठी २१ दिवस आधीचा दिवस १६ नोव्हेंबर आणि ७ दिवस आधीचा ३० नोव्हेंबर. त्या दोन दिवसांचे सी-४ शेजारी शेजारी उघडा, शेवटच्या टप्प्यात कोणी जोर लावला ते लगेच दिसतं. फार कमी लोकांना ठाऊक असलेली एक सोय आणखी: मतदानाच्या आधीचे दहा दिवस समितीची हिशेबाची वही वेळ ठरवून प्रत्यक्ष पाहता येते. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच. ज्यांना शेवटच्या आठवड्यातली उधारी बघायची आहे त्यांनी सी-४ ची वाट बघत बसण्यापेक्षा हा हक्क वापरावा.

मर्यादा: पुस्तकात एक, कोर्टात एक

सेवेवरचा आमचा सर्वात मोठा आक्षेप इथे आहे. राज्याच्या कायद्यात लिहिलं आहे की आरोपपत्र दाखल झालेल्या पदाधिकाऱ्याला, किंवा त्याला हटवण्यासाठी काम करणाऱ्या समितीला, एका देणगीदारानं ठरावीक रकमेहून जास्त देऊ नये. २०११ मध्ये स्थानिक पदांसाठी ती मर्यादा ८०० डॉलर होती, २०२१ पर्यंत १,००० झाली.

२०११ मध्ये टॅकोमाच्या पिअर्स काउंटीत कर-आकारणी अधिकारी डेल वॉशम यांच्याविरुद्ध रिकॉल निघालं. पुढाकार रॉबिन फॅरिस यांचा. काउंटी मोठी, सह्या ६५,००० च्या वर लागणार. वकिलांनी आरोपपत्र लिहायला आणि कोर्टात उभं राहायला पैसे घेतले नाहीत. ही फुकट मदत वस्तुरूप देणगी धरली गेली आणि ती ८०० डॉलरच्या वर गेली, म्हणून नियमभंग. जिथे कोर्टातून गेल्याशिवाय सही गोळा करता येत नाही, तिथे वकिलाची मदत ८०० डॉलरवर अडवणं म्हणजे रिकॉलचं दारच अडवणं. वकिली सेवेला कायद्यात सूट आहे, पण ती उमेदवाराला किंवा पक्षाला हिशेबाचे नियम पाळण्यासाठी दिलेल्या मदतीपुरती. आरोपपत्र लिहिणं त्यात बसत नाही.

प्रकरण संघीय न्यायालयात गेलं. टॅकोमाच्या जिल्हा न्यायालयानं मर्यादा लागू करायला मनाई दिली, आणि २०१२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं ‘फॅरिस विरुद्ध सीब्रुक’मध्ये ती उचलून धरली. युक्तिवाद थोडक्यात असा: देणगीवर मर्यादा घालायचं कायदेशीर कारण भ्रष्टाचार रोखणं एवढंच. उमेदवाराच्या हातात पैसा दिला तर देवघेवीचा धोका आहे. पण कुणाला तरी हटवायला निघालेली, कोणत्याही उमेदवाराशी संगनमत नसलेली समिती ही स्वतंत्र खर्च करणाऱ्या समितीसारखी आहे, आणि तिच्यामुळे भ्रष्टाचार होतो असा पुरावा राज्यानं दिला नाही. अंतिम निकालही २०१४ मध्ये तसाच लागला. सह्या मात्र मुदतीत पुऱ्या झाल्या नाहीत. खटला जिंकला, रिकॉल गेलं.

आता यातला बारकावा. हा निकाल त्या समितीपुरता, त्या पुराव्यांपुरता आहे. कायद्याचं कलम पुस्तकातून पुसलं गेलेलं नाही. शिवाय पदाधिकाऱ्याच्या स्वतःच्या बचाव समितीला हा तर्क तसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तिथे पैसा थेट पदावरच्या माणसाकडे जातो. सिअॅटलसारख्या शहराचे स्वतःचे नियम वर असतातच. म्हणून ‘कोर्टानं मर्यादा काढली, हवे तेवढे द्या’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. मोठी रक्कम द्यायच्या आधी पीडीसीला आणि शहराच्या नीती व निवडणूक आयोगाला ईमेलनं विचारा, आणि उत्तर लेखी जपून ठेवा. पीडीसीचे कर्मचारी अशा प्रश्नांना उत्तर देतात. ही या सेवेची न दिसणारी पण खरी जमेची बाजू.

‘फॅमिली पॅक’ हा त्याच न्यायालयाचा त्याच सुमाराचा दुसरा निकाल रिकॉलवाल्यांना उगाच आशा लावतो. त्यात मतदानाच्या आधीच्या २१ दिवसांतली ५,००० डॉलरची मर्यादा काढली, पण ती लोकप्रस्तावांच्या, म्हणजे थेट मतदानाला ठेवलेल्या प्रस्तावांच्या, समित्यांसाठी. नाव जाहीर करण्याचा २५ डॉलरचा आणि पेशा जाहीर करण्याचा १०० डॉलरचा नियम कोर्टानं कायम ठेवला. किती द्यायचं यावर वाद होऊ शकतो. कोणी दिलं हे लपवण्याचा मार्ग तिथे बंद झाला.

या खिडकीतून जे दिसत नाही

पदाधिकाऱ्याचा कोर्टातला बचाव शहराच्या पैशानं होऊ शकतो. राज्याचा कायदा सांगतो की आरोप पुरेसे आहेत का या सुनावणीचा खर्च, पदाधिकाऱ्यानं मागितला आणि परिषद व शहराचे वकील दोघांनी मान्य केला, तर शहरानं द्यायचा, त्यात अपिलाचाही धरता येतो. सावंत आणि डर्कन दोघींनाही परिषदेनं तो दिला. हा पैसा देणगी नाही, त्यामुळे पीडीसीवर शोधून सापडणार नाही. परिषदेच्या ठरावांत शोधायचा. रिकॉलवाल्यांचा वकील देणगीत मोजला जातो, समोरच्याचा तिजोरीतून येतो. दोन्ही बाजूंच्या बेरजा शेजारी मांडणाऱ्यांनी एवढी तळटीप तरी द्यावी.

शहराची साधनं प्रचाराला वापरल्याची दुसरी बाजूही पीडीसीवर नाही. ‘टॅक्स अॅमेझॉन’ प्रकरणात सावंत यांनी मे २०२१ मध्ये सिअॅटलच्या नीती व निवडणूक आयोगाशी तडजोड करून ३,५१५.७४ डॉलर दंड भरायचं मान्य केलं, खर्च झालेल्या रकमेच्या दुप्पट. तो कागद शहराच्या आयोगाकडे.

शहराच्या या आयोगाचं संकेतस्थळ मात्र बघाच. देणगीदार शहरातले किती, बाहेरचे किती, सरासरी देणगी किती, हे तिथे तयार मिळतं. वॉर्डाच्या मतदानात बाहेरचा पैसा किती, हा प्रश्न असेल तर पीडीसीच्या तक्त्यात पिन कोड मोजत बसायची गरज नाही. सिअॅटलच्या मतदारांना २५ डॉलरची चार ‘डेमोक्रसी व्हाउचर’, म्हणजे शहराच्या पैशानं देणगी द्यायची कुपनं, घरपोच येतात, पण ती उमेदवारांसाठी. रिकॉलमध्ये कुठल्याच बाजूला चालत नाहीत, म्हणून त्यांचा रकाना शोधू नका.

ऑनलाइन जाहिरातींत वेगळाच खड्डा. जाहिरात विकणाऱ्या कंपनीनं मागितल्यावर तपशील दाखवायचा असा राज्याचा नियम आहे. तो वारंवार मोडल्याबद्दल किंग काउंटीच्या कोर्टानं ऑक्टोबर २०२२ मध्ये मेटा कंपनीला ८२२ उल्लंघनांसाठी सुमारे २ कोटी ४६ लाख डॉलर दंड ठोठावला. म्हणजे खर्चाची रक्कम ‘ए’ पुरवणीत सापडेल, पण ती जाहिरात कोणाला दाखवली हे सापडेलच असं नाही.

कोर्टाचे कागद कुठून घ्यायचे? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे आणि नवव्या सर्किटचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट. संघीय खटल्यातले अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं पेसर या प्रणालीत, पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर. तीन महिन्यांत बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ. फॅरिस खटल्यातले निकालपत्र वाचून पुरेसं होतं. प्रतिज्ञापत्रांवर पैसे घालायची गरज नाही.

तक्रार, आणि द्यायच्या आधी

नियमभंग दिसला तर तक्रार ऑनलाइन करता येते आणि प्रकरणाची स्थिती सगळ्यांना दिसते. प्राथमिक तपासाला ९० दिवस. मतदान दोन आठवड्यांवर असताना केलेल्या तक्रारीचा निकाल मतदानाआधी लागेल अशी आशा ठेवू नका. तक्रारीत अहवालाचा क्रमांक, तारीख आणि पुरवणीचं अक्षर लिहा. ‘ही समिती पैसा लपवते’ एवढ्या मोघम वाक्यावर काही हलत नाही.

सिअॅटल आणि आसपास राहणाऱ्या मराठी लोकांसाठी सर्वात महत्त्वाचं. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर रिकॉलच्या कुठल्याही बाजूला एक डॉलरही देता येत नाही, जोडीदाराच्या खात्यातून तुमचे पैसे वळवूनही नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं, पण समितीच्या खर्चाचे निर्णय घेण्यात भाग नको. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, सही चालत नाही. सहीला त्या वॉर्डातलाच नोंदलेला मतदार लागतो. आणि दिलंत तर तुमचं नाव, शहर, पेशा आणि मालकाचं नाव खुल्या तक्त्यात जातं, गुगलला सापडतं, नोकरी बदलली तरी तिथेच राहतं. नावाचं स्पेलिंग किंवा मालकाचं नाव चुकलं असेल तर पीडीसीला लिहून उपयोग नाही. ज्या समितीला पैसे दिले तिच्या खजिनदाराला कळवा, त्यानं दुरुस्त सी-३ भरला की तक्त्यातली नोंद बदलते.